पळस आधी आला, टोळी मागून

“बाई, ह्यो आत्ताच कामून फुलला? कारखाना तर अजून चालू हाय.”

२०२४ चा फेब्रुवारी संपत आला होता. मी शाळेच्या ओट्यावर पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब जुळवत बसले होते आणि मोठ्याईनं माझ्या वहीवर पळसाची डहाळी आणून ठेवली. पान एकही नाही. तीन-चार फुलं उमललेली, बाकी कळ्या, प्रत्येकीला काळपट तपकिरी मखमलीची टोपी. तिच्या आवाजात आनंद नव्हता, तक्रार होती. पाहुणा सांगितल्या दिवसाच्या महिनाभर आधी दारात येऊन उभा राहावा, तशी.

मला आधी प्रश्नच कळला नाही. पळस माघ सरता सरता फुलतो आणि फाल्गुनात पेटतो, हे तिसरीच्या पोरालाही माहीत. जन्म डोंगरात गेलेल्या बाईला ते माहीत नसावं? रात्री घरी भाकरी थापताना उलगडा झाला. ऊसतोडीपायी तिनं तीस वर्षांहून जास्त काळ फाल्गुन गावात काढलाच नव्हता.

हे टिपण त्या बाईबद्दल आहे. तिला विचारून लिहितेय. नाव आणि गाव सांगायचं नाही एवढीच तिची अट. वस्तीवरची सगळी लेकरं तिला मोठ्याई म्हणतात, मीही तेच म्हणते.

कोयता आणि अर्धा कोयता

गाव बीड जिल्ह्यातलं, पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटाच्या पठारावर. मांजरा याच डोंगरात जन्मते, लातूर-बिदरकडं जाते आणि शेवटी गोदावरीला मिळते. उगम इथं, पाणी तिकडं. माणसांचंही तसंच. जमीन मुरमाड, पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आत, तोही लहरी. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या न्यायला मुकादमांच्या गाड्या लागतात आणि दिवाळीच्या आगेमागे गाव रिकामं होतं. कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी नगर-सोलापूरकडं, कोणी पार कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडायची. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून तो बंद झाला, की परत. ते साधारण पाडव्याच्या सुमाराला.

मोठ्याईचं वय विचारलं की ती बहात्तरचा दुष्काळ सांगते. “आई मला पाटीत निजवून खडी फोडायची.” म्हणजे ही घटना घडली तेव्हा बावन्न-त्रेपन्नची, दिसायला सत्तरीची. लग्न झालं त्याच वर्षी उसाच्या फडात गेली. मालक वारल्यावर एकटी जायची, अर्धा कोयता म्हणून. २०२३ च्या जानेवारीत मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पाय घसरला आणि गुडघा गेला. त्या वर्षीच्या दसऱ्याला मुकादमानं तोंडावर सांगितलं, “मावशी, तुमचा आता पाव कोयता बी धरता येत नाही.” मुलगा-सून गेले. दोन नातवंडांना घेऊन ती मागं राहिली.

आमच्याकडं शाळेला जोडून हंगामी वसतिगृह चालतं. आई-बाप ऊसतोडीला गेलेली लेकरं रात्री आजी-आजोबांकडं झोपतात आणि जेवण शाळेतून मिळतं. या व्यवस्थेत आम्ही शिक्षक लेकरांची नोंद ठेवतो, वजन बघतो. त्यांच्यामागं राहिलेल्या म्हाताऱ्यांची नोंद ठेवायला आमच्याकडं रकाना नाही. मोठ्याईचं दुखणं माझ्यापर्यंत आलं तेही तिच्या चौथीतल्या नातीमुळं. निबंधात तिनं लिहिलं होतं, “माझी मोठ्याई रात्रीच चूल पेटवते आणि नुसतीच बसते.”

तीन वाजताची चूल

खोटं नव्हतं. फडात पहाटे तीनला उठायची सवय. चूल, भाकरी, फडक्यात बांधलेलं कालवण, मग अंधारातच तोडीला. शरीराला कोण सांगणार की आता तोड नाही? ती तीनला उठायची, चूल पेटवायची आणि मग काय करायचं ते सुचेना म्हणून जाळाकडं बघत बसायची. लेकरांना खाऊ घालायची, स्वतः चहावर राहायची. दाराला कडी लावत नव्हती. थंडीतसुद्धा दार सताड उघडं.

डिसेंबरात मी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. रक्त कमी निघालं, गोळ्या मिळाल्या. डॉक्टर भले होते, पण बाहेर पन्नास माणसं बसलेली. “आजी, मन रमवा कशात तरी,” एवढं त्यांनी सांगितलं. मन रमवायची जबाबदारी मग मी अंगावर घेतली आणि सांगायला हरकत नाही, त्यात सलग अडीच महिने चुकले.

भजनी मंडळात नेलं, ती दोनदा आली. तिसऱ्यांदा म्हणाली, “तितं समद्या म्हाताऱ्याच हायेत.” नंतर व्हिडिओ कॉलची शक्कल काढली. हा माझा सगळ्यात वाईट सल्ला. रात्री आठला मुलगा फोन लावायचा, मागं कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, दिसायची, सून पाचटाच्या ढिगावर बसलेली, ट्रॅक्टरचा आवाज. रेंज तुटली की मोठ्याई काळ्या पडद्याकडं बघत राहायची. फोन झाला त्या रात्री ती दोनलाच उठायची, असं नात सांगायची. एकदा तर तिनं भाकरी फडक्यात बांधून ठेवली होती. कुणासाठी, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

आपल्याला वाटतं, फडातून सुटली, बरं झालं. घरी सावली आहे, पाठीवर ओझं नाही. पण फडात ती कुणीतरी होती. कोपीतल्या बायका तिला विचारायच्या, बाळंतपणं तिनं केली होती, वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या चाऱ्याचा, सौदा तीच करायची. घर तिचं होतं, मात्र हिवाळ्यातलं घर तिला माहीतच नव्हतं. स्वतःच्याच गावात ती परकी पडली होती, आणि याला आमच्या फॉर्मात काय म्हणतात?

घाटाच्या वळणावरचा पळस

आता त्या डहाळीकडं येते.

नगरकडून येणारी वाट घाट चढून पठारावर येते, त्या शेवटच्या वळणावर एक जुना पळस आहे. खोड वाकडं, अंगावर कुऱ्हाडीचे जुने घाव. परत येणारी टोळी त्या वळणावर आली की ड्रायव्हर आपोआप गाडी हळू करतो, ट्रकवरच्या बायका डोक्यावरचा पदर सावरतात आणि कुणीतरी ओरडतं, “आलं गाव!” मोठ्याईच्या लेखी पळस म्हणजे तो. पाडव्याच्या तोंडावर दिसणारा, शेंड्याला चार-दोन केशरी फुलं उरलेला. तिला वाटायचं, पळस एवढाच फुलतो आणि तेव्हाच फुलतो. तिच्या हिशेबात आधी कारखाना बंद होतो, मग पळस येतो.

त्या दिवशी ती शेळ्या घेऊन वर गेली आणि झाड खालपासून वरपर्यंत पेटलेलं. खाली सडा. साळुंक्या, कोतवाल, पोपट, इवलेसे शिंजीर, सगळ्यांची झुंबड. पळसाला मध भरपूर, वास मात्र नाही. त्यावरून संस्कृत सुभाषितकारांनी त्याला बरेच टोमणे मारलेत. पाखरांना ती सुभाषितं कुणी वाचून दाखवलेली नाहीत. “इतकं फुलतंय आन् बगाया कुणी न्हाई,” ती मला म्हणाली. “आमी येस्तवर गळून जातंय म्हणा की.”

मी तिला महिने समजावून सांगितले. माघात कळ्या, फाल्गुनात बहर, चैत्रात शेंगा आणि नवी पालवी. ती ऐकत होती, पण तिचं गणित वेगळंच चाललं होतं. बोटांवर मोजून म्हणाली, “मंजी हितून म्होरं चाळीस दिसात येत्यात.”

त्या रात्री ती किती वाजता उठली ते मी मुद्दाम विचारलं. तीनलाच. पण चूल पेटवून बसली नाही, उजाडेपर्यंत गोधडी शिवली. हा फरक मी वहीत लिहून ठेवला, बारीक अक्षरात, कारण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तिचा क्रमच ठरला. सकाळी शेळ्या घेऊन वळणावर जायचं, झाडाखाली बसायचं, पडलेली ताजी फुलं पदरात भरून आणायची आणि छपराच्या पत्र्यावर गोणपाट टाकून वाळवायची. तिनं झाडाखालचे दगड बाजूला रचले. येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांना ती हटकून सांगायची, “परवापेक्षा आज कमी झालाय बगा.” महिनाभर दोन वाक्यं न बोलणारी बाई आता गावाला झाडाची खबर देत होती.

मार्चच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी सतरा लेकरं घेऊन तिच्यामागं गेले. शिकवायला मी निघाले होते, शिकवलं तिनंच. फुलाची चोच उघडून आतली दांडी दाखवली. बांधावर गाडीच्या चाकासारखी पसरलेली भुईरिंगणी दाखवली, जांभळ्या पाकळ्या आणि मधे पिवळे दाणे, सगळ्या अंगाला काटे. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्यांचा वास उन्हात जड झाला होता. एका पोराला दगड लागून बोट कापलं तर तिनं एकदांडीचा पाला चुरगळून रस पिळला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात पिवळा धोत्रा फुलला होता. मी मास्तरीणपणा केला: ही एकदांडी आणि हा काटेरी धोत्रा मूळचे आपले नाहीत, अमेरिका खंडातून आलेत, आणि धोत्र्याचं बी विषारी, मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाली तर माणसं सुजून मरतात. तिनं धोत्र्याकडं पाहिलं आणि विचारलं, “किती वर्सं झाली येऊन?” शेकडो, मी म्हटलं. “मग हितलाच की.”

रंगपंचमी

३० मार्चला रंगपंचमी होती. २०२३ च्या ऑगस्टात पावसानं ओढ दिली होती, त्यामुळं होळीपासूनच पाण्याची बोंब. वस्तीवर टँकर एक दिवसाआड. रंग खेळायचा की नाही यावर शाळेत चर्चा झाली आणि एक हंडा पाणी, त्याहून थेंब जास्त नाही, असं ठरलं. फुलं मोठ्याईची.

आदल्या संध्याकाळी शाळेच्या मोठ्या पातेल्यात घमेलंभर वाळकी फुलं टाकून उकळी आणली. पाणी आधी फिकट पिवळं झालं, मग हळदीसारखं, मग पिवळाधमक. इथं मी माझी अक्कल चालवली. पळसाच्या रंगात चुन्यासारखा खार पडला की तो केशरी-लाल होतो, हे मला माहीत होतं. चिमूटभर टाकायच्या ऐवजी मी पानाच्या डबीतला अख्खा गोळाच सोडला. रंग झाला खरा, विटकरीसारखा. सकाळी दोन लेकरांचे हात चुरचुरायला लागले तेव्हा मोठ्याई पातेल्यापाशी आली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “बाई, शिकल्या-सवरल्या तुमी, आन् लेकरालाच चुना लावता व्हय?”

लेकरं लोळून हसली. मीही हसले, दुसरं काय करणार. पातेलं चिंचेच्या आळ्यात ओतलं, हंडा वाया गेला. दुसरा हंडा कुठून आणायचा? मोठ्याईनं स्वतःच्या घरातला, पिण्याच्या पाण्यातला अर्धा हंडा दिला आणि नुसत्या फुलांचा रंग केला. अर्ध्या हंड्यात सतरा लेकरं. पिचकारी नाहीच, तिनं एकेकाच्या कपाळाला, गालाला आणि मनगटाला बोटांनी रंग लावला. ज्यांचे आई-बाप फडात होते त्या प्रत्येकाच्या मनगटाला दोनदा. एक तुझा, एक आईचा. ती असं म्हणाली नाही. पोरीच एकमेकींना सांगत होत्या आणि तिनं नाही म्हटलं नाही.

परतीची रात्र

पाडवा ९ एप्रिलला होता. त्याच्या चार दिवस आधी, रात्री तीनच्या सुमाराला आमची टोळी आली. सगळं गाव झोपेत, एका घराची चूल तेवढी पेटलेली. मुलानं नंतर मला सांगितलं, वळणावर पळसाला एक फूल नव्हतं, नुसत्या हिरव्या चपट्या शेंगा लटकत होत्या, त्यामुळं अंधारात गाव आलं हे बायकांना कळलंच नाही. कळलं ते मोठ्याईच्या दारातला उजेड दिसल्यावर.

सून उतरली ती अंग खाजवतच. पाचटाची कूस आणि पानांचे चरे कोपरापर्यंत. मोठ्याईनं पाण्यात वाळक्या पळसफुलांची मूठ टाकून ठेवलीच होती. उन्हाळ्यात घामोळ्यांना आमच्याकडं त्या पाण्यानं अंघोळ घालतात. टँकरच्या दिवसात बादली पुरी नव्हती, अर्धीच. “पळस झाला का औंदा?” सुनेनं न्हाणीतून विचारलं. “तुमच्या आधीच झाला,” मोठ्याई म्हणाली, “म्या बगितला समदा.”

काय बदललं, काय नाही

गुडघा तसाच आहे. रक्त थोडं वाढलं, ते गोळ्यांनी. झोप अजूनही तीनला मोडते, फक्त ती आता त्याला दुखणं म्हणत नाही. २०२४ च्या दसऱ्याला मुलगा-सून पुन्हा गेले तेव्हा तिनं दोन आठवडे जेवण टाकलं होतं. फुलांनी माणूस बरा होतो असं कुणी या टिपणावरून म्हणू नये.

तरी एक गोष्ट मला नोंदवावीशी वाटते. भजन, फोन, “मन रमवा”, हे सगळं आम्ही तिला देत होतो आणि तिनं घेतलं नाही. पळस तिला कुणी दिला नव्हता. तो तिच्या जुन्या जगातला होता, ट्रकवरून दिसणारा. आणि पहिल्यांदाच ती त्याच्या अलीकडच्या बाजूला, गावाच्या बाजूला उभी होती. इतकी वर्षं ती परत येणारी होती. आता येणाऱ्यांच्या वाटेवर बसायचं होतं, आणि ते कसं करतात हे शिकवायला घरात कोणी म्हातारं उरलं नव्हतं. “कुठंही जा, पळसाला पानं तीनच,” ही म्हण आपण वैतागून वापरतो. तिच्याकडून मी ती वेगळ्या सुरात ऐकली. एका कर्नाटकातल्या फडाची गोष्ट सांगताना ती म्हणाली, “तितं कालव्याच्या कडंला एक रोपटं व्हतं. पानं मोजली. तीनच. मंग झोप लागली.”

यंदा आम्ही हंगामी वसतिगृहाच्या वहीत एक रकाना हातानं आखला, मागं राहिलेल्यांसाठी. वरिष्ठांनी अजून विचारलेलं नाही.

२०२५ ला वेगळंच घडलं. ऊस कमी, हंगाम आखूड. राज्यातले बहुतेक कारखाने मार्च संपायच्या आत बंद झाले. आमची टोळी होळीच्या आधीच परतली. वळणावरचा पळस ऐन भरात होता. ट्रकवरच्या बायकांनी तो तसा पहिल्यांदाच पाहिला, दोघी-तिघींनी उतरून डहाळ्या तोडल्या. मोठ्याई झाडाखालीच होती, शेळ्यांपाशी. तिनं आधी सुनेचे हात पाहिले, मग मुलाला विचारलं, “उचल फिटली?”

“न्हाई. पंचवीस दिस कमी पडले.”

तिनं पदरातली फुलं गोणपाटावर ओतली आणि सुनेला म्हणाली, “बस. पाकळ्या येगळ्या कर, बोंडं येगळी.” मुलगा जरा लांब जाऊन, खोडाला टेकून, मुकादमाशी फोनवर बोलत राहिला.